तबेला न सोडणारा घोडा आणि खोगिरावरची धास्ती: दोन्हींवर एकत्र काम कसं करायचं

फाटकापर्यंत घोडा नीट चालतो. फाटक मागे पडलं की त्याची पावलं आखडतात, मान वर जाते, एक कान मागे वळतो आणि तो थांबतो. टाच दिली तर मागे सरकतो, आणखी दिली तर गर्रकन वळून तबेल्याकडे तोंड करतो. वर बसलेल्या माणसाच्या पोटात तोवर गोळा आलेला असतो आणि लगाम मुठीत घट्ट आवळलेला असतो. दुसऱ्या दिवशी घोडा फाटकाच्या अलीकडेच थांबतो, आणि स्वाराला तर खोगीर उचलतानाच घाम फुटतो.

हे ज्यांच्या वाट्याला आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्या घोडीला ही सवय होती आणि मला तिच्यावर बसायची धास्ती होती. या काळात सल्ले भरपूर मिळतात. काही जण घोड्याला वठणीवर आणायला सांगतात, काही जण तुम्हालाच हिंमत धरायला सांगतात. मला मात्र खात्रीने वाटतं की ही एकच गाठ आहे. घोडा आखडतो म्हणून स्वार आखडतो, आणि स्वार आखडला की बाहेर धोका आहे याची घोड्याला खात्रीच पटते. म्हणून काम इतकं छोटं करायचं की दोघांनाही श्वास न रोखता ते पार पाडता येईल, आणि परत फिरायचा निर्णय घोड्याच्या आधी आपण घ्यायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

तुम्ही अगदी नवशिके असाल, बंदिस्त मैदानात घोडा हवा तिथे थांबवणं-वळवणं अजून जमत नसेल, तर खोगिरावरच्या पायऱ्या प्रशिक्षकाला करू द्या. जमिनीवरच्या पायऱ्या तुम्ही करा. त्यातही शिकण्यासारखं खूप आहे.

१. आधी दुखणं शोधा

ही पायरी गाळू नका. घोड्याला बोलून सांगता येत नाही, तो नकार देऊन सांगतो. पशुवैद्याकडून पाठ, पाय आणि तोंड तपासून घ्या. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या की गालाला आतून जखमा होतात, आणि मग लगाम ओढला की कळ जाते. नालबंदाला खूर दाखवा. खोगीर पाठीच्या उंचवट्यावर टेकतं का, त्याखाली दोन्ही बाजूंना घाम सारखा येतो का, तेही पाहा. घामाच्या ओल्या भागात मधेच कोरडा डाग दिसला तर बहुतेक वेळा तिथे दाब पडत असतो.

पोटाचंही बघा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. तासन्‌तास उपाशी ठेवून कामाला काढलेल्या घोड्यांत जठराचे व्रण ही नेहमीची तक्रार आहे. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना चावायला येणं, खाण्यातून लक्ष उडणं, कुशीला हात लावू न देणं ही लक्षणं दिसली तर पशुवैद्याला आवर्जून सांगा. स्वारीला निघण्यापूर्वी थोडी वैरण खाऊ घालणं चांगलं, त्याने आम्ल पोटात उसळत नाही.

एक सोपी परीक्षा घरच्या घरी करता येते. खोगिराशिवाय, हातात दोर धरून घोड्याला त्याच वाटेने न्या. मग खोगीर घालून, वर न बसता न्या. मग वर बसून न्या. नकार नेमका कोणत्या टप्प्यावर येतो ते लिहून ठेवा. मोकळ्या पाठीने आनंदाने चालणारा घोडा खोगीर घातल्याबरोबर अडत असेल, तर सवय मोडायच्या मागे लागू नका. आधी खोगीर तपासा.

२. ओढ कशाची आहे ते ओळखा

घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. तो उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आजूबाजूला सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. तबेला म्हणजे त्याचं खाणं, त्याचे सोबती आणि झोपेची खात्री. ते सोडून जाताना तो का कचरतो हे समजलं की त्याच्यावरचा राग बराच ओसरतो.

पण ओढ प्रत्येक घोड्यात सारखी नसते. एखाद्याला जागा सोडवत नाही. एखाद्याला ठरावीक सोबती सोडवत नाही. असा घोडा सोबत्याबरोबर कुठेही जातो आणि एकटा निघाला की खिंकाळत राहतो. तिसरा जाताना कुरकुर करत नाही, परत फिरताच मात्र वेग धरतो. आणखी एक प्रकार मैदानात दिसतो: फाटकाजवळून जाताना प्रत्येक वेळी घोडा आतून फाटकाकडे झुकतो आणि पुढे गेल्यावर संथ होतो. हा प्रकार सौम्य असतो, त्यामुळे बरेच जण तिकडे दुर्लक्ष करतात. खरं तर काम सुरू करायला तीच सर्वांत सुरक्षित जागा आहे.

३. सामान जमवा

- घोडेस्वारीसाठीच बनवलेलं, सुरक्षा मानकाचं चिन्ह असलेलं हेल्मेट. सायकलचं किंवा मोटरसायकलचं चालत नाही. एकदा पडताना जोरात आपटलं की ते बदलायचं, वरून तडा दिसत नसला तरी.
- टाच असलेले, गुळगुळीत तळव्याचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जाणार नाही.
- छाती-पाठीचं संरक्षक जाकीट. भीती असेल तर नक्की घ्या, त्याने मनालाही आधार मिळतो.
- मजबूत मोरकी (तोंडात कडी नसलेला, डोक्यावर चढवायचा साज), साधारण साडेतीन-चार मीटरचा जाड दोर आणि हातमोजे.
- घोड्याच्या मानेभोवती सैल बांधायचा चामड्याचा पट्टा. घाबरल्यावर लगामाऐवजी तो धरायचा.
- फोन स्वतःच्या अंगावर, खोगिराच्या पिशवीत नको. घोडा पळाला तर पिशवीही त्याच्याबरोबर जाते.
- छोटी वही.
- जमिनीवर उभा राहणारा एक जाणता माणूस. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, असेल तर उत्तम, कारण घोडा त्याला ओळखतो.

चाबूक मी यादीत घातलेला नाही. घाबरलेल्या हातात तो चुकीच्या क्षणी चालतो.

४. भीतीकडे नीट बघा

भीती दोन प्रकारची असते आणि दोन्हींना एकच औषध नाही. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, तुमचं शिक्षण त्याला पुरे पडत नाही आणि म्हणून तुम्हाला भीती वाटते, तर ती भीती बरोबर आहे. तिचं ऐका आणि खाली राहा. दुसरी भीती जुन्या पडण्याची किंवा ऐकलेल्या गोष्टींची असते. समोर शांत उभा घोडा असतानाही ती येते, आणि हळूहळू सवयीने कमी होते. कोणती आहे ते कळत नसेल तर प्रशिक्षकाला विचारा, "या घोड्यावर आज तुम्ही नवख्या माणसाला बसवाल का?" त्याच्या उत्तरावरून उलगडा होतो.

तुमची भीती घोड्यापर्यंत कशी पोचते हे समजून घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितांची उत्तरं देतो म्हणून गाजला होता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याची कसून तपासणी केली. योग्य आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची, अंगाची नकळत किंचित हालचाल व्हायची, आणि हान्स ती पाहून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. हान्स त्या माणसापुढे उभा होता. तुम्ही तर घोड्याच्या पाठीवर बसलेले असता.

घाबरलेलं शरीर काय करतं? पुढे वाकतं, गुडघे आवळतं, टाचा वर उचलतं, लगाम छातीकडे ओढतं आणि श्वास धरून ठेवतं. आता हेच घोड्याच्या बाजूने बघा. आवळलेले पाय त्याला "चल" म्हणतात, ओढलेला लगाम "थांब" म्हणतो. दोन्हीकडून दाब आणि सुटका कुठेच नाही, मग तो मागे सरकतो नाहीतर वर उठतो. त्याचा बराचसा अडेलपणा याच क्षणी तयार होतो.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. पावलं मोजत श्वास घ्या: चार पावलं आत, सहा पावलं बाहेर. बाहेर सोडताना खांदे खाली येऊ द्या आणि बोटं थोडी सैल करा. मोजणं जमत नसेल तर मोठ्याने बोला, गुणगुणा. गाताना श्वास धरून ठेवता येत नाही. हे आधी चालताना, मग तबेल्यात उभ्या घोड्यावर बसून करा. फाटकाबाहेर पहिल्यांदा करायला गेलात तर आठवणारच नाही.

प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा आकडा द्या. तीन-चारपर्यंत काम करत राहा. पाच झाले की काम सोपं करा: चाल मंद करा, तबेल्याकडे थोडं सरका. सात झाले तर उतरा.

५. जमिनीवरून वाट मोकळी करा

मोरकी आणि दोर घेऊन सुरुवात करा. घोड्याच्या खांद्याशी उभे राहा, थेट समोर किंवा थेट मागे नको. घोड्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचं दिसतं, पण नाकासमोरची आणि शेपटीमागची जागा त्याच्या नजरेआड असते. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घडी करून मुठीत धरा.

तबेल्याजवळच तीन गोष्टी पक्क्या करा: तुम्ही थांबलात की थांबणं, हलक्या दाबाने एक-दोन पावलं मागे जाणं, आणि मागचा भाग बाजूला सरकवणं. तिसरी सर्वांत महत्त्वाची. मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना घोड्याला उधळायला किंवा वर उठायला जोर मिळत नाही.

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. दोर किंचित ताणला, त्याने एक पाऊल दिलं, की त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे. उशीर झाला तर तो भलतंच शिकतो. चारशे-पाचशे किलोच्या जनावराशी ओढाताण करून कोणी जिंकत नाही, पण नेमक्या वेळी सैल होणारा हात त्याला पटकन कळतो.

हे जमलं की त्याला चालत बाहेर न्या. खोगीर नको, घाई नको. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती टाळतात. पण याच चालण्यात तुम्हाला त्याच्या हालचाली ओळखू येतात, आणि तुमची भीतीही जमिनीवर पाय असतानाच अर्धी उतरते.

६. तो ठरवण्याआधी तुम्ही वळा

घोडा अचानक अडत नाही. आधी तो सांगतो, आपण बघत नाही. माझ्या घोडीचं असं व्हायचं: आधी डावा कान तबेल्याकडे वळायचा आणि तिथेच राहायचा. मग पावलाची लांबी कमी व्हायची. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापर्यंत पोचायचा तो अलीकडेच पडायला लागायचा. मग पोटरीखालच्या बरगड्या ताठ झाल्यासारख्या लागायच्या. मान वर जायची ती त्यानंतर, आणि थांबणं सगळ्यात शेवटी. कान वळण्यापासून थांबण्यापर्यंत बराच अवकाश असायचा. सगळं काम त्या अवकाशात आहे.

कान वळला पण पावलं अजून मोकळी आहेत, तिथे खूण धरा: एखादं झाड, दगड, कुंपणाचा खांब. तिथे स्वतःहून थांबा. दोन-तीन लांब श्वास सोडा. घोड्याने मान खाली केली, तोंड चघळलं, फुरफुरला, की तुम्ही त्याला वळवा आणि शांतपणे परत आणा. मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत जा. खूण त्याला कंटाळवाणी वाटू लागली की थोडी पुढे सरकवा. काही दिवशी ती मागेही आणावी लागते. वारा असेल, शेजारच्या खणातला घोडा बाहेर गेला असेल. आणा मागे, बिघडत नाही.

असं करून घोड्याला परत फिरायची सवय लागेल, अशी शंका येते. लागत नाही, कारण वळणं त्याच्या अडण्याला जोडलं जात नाही. ते तुमच्या सांगण्याला जोडलं जातं, आणि तेही तो शांत असताना. उलट आखडल्यावर ढकलत नेलं की बाहेरची वाट आणि भांडण हे त्याच्या डोक्यात एकत्र बसतं.

आणि उशीर झालाच, तो थांबलाच तर? तेव्हा मात्र तबेल्याकडे वळू नका. टाचांचा मारा नको. त्याचं तोंड बाहेरच्या दिशेला राहील एवढंच बघा आणि थांबा. मग एक पाऊल मागा, पुढे जमत नसेल तर बाजूला. पाऊल मिळालं की पाय आणि लगाम दोन्ही सैल करा, मान चोळा. आणखी एक-दोन पावलं मिळाली की तुम्ही वळवा. त्या दिवसापुरतं तेवढं पुरे.

७. तबेल्याजवळ काम, लांबवर विसावा

तबेल्याजवळ मोठी वर्तुळं, दुडकी चाल, थांबणं, पुन्हा निघणं असं साधं काम करा. मग साध्या चालीत लांब जा आणि तिथे लगाम लांब सोडून उभे राहा. बसायची भीती असेल तर हेच दोर धरून चालत करा. काम शिक्षा वाटेल इतकं दमवू नका, छोट्या वर्तुळात गरागरा पळवू नका. सांधे दुखावतात, आणि दमलेला घोडा शिकत नाही.

८. प्रसंग आलाच तर

हे उभ्या घोड्यावर, मग साध्या चालीत, दोन्ही बाजूंनी आधी करून ठेवा.

*गर्रकन वळला:* बहुतेक घोड्यांची वळायची बाजू ठरलेली असते. डावीकडे वळला तर उजवीकडून परत आणा, पूर्ण गोल फिरू देऊ नका. तोल गेला तर मानेचा पट्टा धरा.

*वेग धरला:* मोकळी, सपाट जागा असेल तर लगामाची एका बाजूची वादी हळूहळू आत घेत मोठं वर्तुळ करा आणि ते लहान करत न्या. चौखूर धावणाऱ्या घोड्याचं डोकं एकदम झटक्याने वळवलं तर तो तोल जाऊन पडू शकतो. अरुंद वाटेवर वर्तुळ नको. सरळ बसा, लगाम ओढा-सोडा, ओढा-सोडा.

*मागच्या पायांवर उठला:* पुढे झुका, हात मानेकडे न्या, अयाळ धरा, लगाम सैल सोडा. लगामाला लटकलात तर घोडा तुमच्यावर उलटा पडू शकतो. पाय खाली टेकले की बाजूला वळवा, शांत होताच उतरा. एकदा असं झालं की पशुवैद्य आणि अनुभवी प्रशिक्षकाने बघेपर्यंत त्याच्यावर बसू नका.

उतरण्याबद्दल एक भ्रम पसरला आहे, की स्वार उतरला म्हणजे घोडा जिंकला. हे मला मुळीच मान्य नाही. वेळेत उतरलेला स्वार दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो, आणि अट्टहासाने बसून राहिलेला कधी कधी वर्षभर बसत नाही. घोडा उभा असताना शांतपणे उतरा, मग दोर किंवा लगाम धरून थोडी पावलं बाहेरच्याच दिशेला चाला, आणि नंतर वळा. घोड्याला काम सुटल्याचं वाटत नाही आणि तुमचा आकडा सातवरून तीनवर येतो.

९. परतीची वाट

पुष्कळ घोडे इथेच बिघडतात. परत येताना साध्या चालीखेरीज काहीही नको. वेग वाढला तर वळून थोडं पुन्हा बाहेरच्या दिशेला जा, चाल मंदावली की तबेल्याकडे तोंड करा. रोज तबेल्याच्या दारात उतरू नका. कधी अलीकडे उतरा, तंग सैल करा आणि चालत आणा. कधी दारावरून पुढे निघून जा. आत आल्याबरोबर चंदीचा तोबरा (दाण्याची तोंडाला बांधायची पिशवी) चढवू नका. बांधा, खरारा करा, अंग निवू द्या, मग खाणं. मोतद्दाराला हे कारणासकट सांगा, नाहीतर तो मायेपोटी तोबरा तयारच ठेवतो.

१०. सोबत घ्या, पण सोबतीच्या आधीन होऊ नका

शांत, वयस्क घोडा आणि जाणता स्वार मिळाला तर काम कितीतरी सोपं होतं. आधी त्याच्या मागे, मग बाजूला, मग थोडा वेळ पुढे, पुन्हा मागे. त्या स्वाराला आधीच सांगून ठेवा की परतीच्या वाटेवर तुम्हाला मागे टाकून पुढे निघायचं नाही, आणि तुम्ही चढत-उतरत असताना हलायचं नाही. बाहेर जाणं सवयीचं झालं की छोट्या अंतरासाठी एकटे निघा, नाहीतर तबेल्याची जागा तो घोडा घेतो.

११. वहीत काय लिहायचं, आणि कधी थांबायचं

परत आल्यावर चार ओळी लिहा: कोणत्या खुणेपर्यंत गेलात, आधी कोण आखडलं, भीतीचा आकडा किती, वळायचं कोणी ठरवलं. शेवटच्या ओळीत सलग "मी" येऊ लागलं की खूण पुढे न्या. सारखं "घोडा" येत असेल तर खूण फार लांब धरली आहे, ती अलीकडे आणा.

घोडा वर उठतो, लोळायला बघतो, जमिनीवरच्या माणसाच्या अंगावर येतो, किंवा तुमचा आकडा पुष्कळ दिवस खाली येतच नाही, तर हे काम अनुभवी हातात द्या. तो अनुभवी माणूस घोड्यावर बसेल तेव्हा तुम्ही तिथे हजर राहा आणि तो कोणत्या क्षणी लगाम सोडतो ते बघा. आजारपणाने किंवा प्रवासाने खंड पडला, तर वहीतली शेवटची खूण सोडून दोन खुणा मागून, दोर धरून चालत सुरुवात करा.